आसऱ्याची बंदरे

जयगडच्या खाडीच्या तोंडावर दुपारभर वायव्येचा वारा भरून वाहतो. सूर्य मावळतीला झुकला की त्याचा जोर ओसरतो आणि अंधार पडता पडता तो जवळजवळ थांबतो. शिडाच्या गलबतांच्या काळात तांडेलाची, म्हणजे गलबताच्या प्रमुखाची, खरी घाई याच वेळी असे. वारा पडण्याआधी जयगडचे टोक ओलांडून गलबत आत घेतले, तर खलाशांची रात्र सुखात जाई. उशीर झाला, तर बाहेर उघड्या दर्यात, ना वारा ना आसरा अशा अवस्थेत, प्रवाहाच्या ओढीवर गलबत हेलकावत राही आणि अंधारात ते खडपांकडे कधी सरकले ते कळतही नसे.

कोकणच्या समुद्राचा इतिहास आपण बहुधा किल्ल्यांचा, आरमाराचा आणि लढायांचा म्हणून वाचतो. पण या सगळ्याच्या मुळाशी एक अगदी व्यावहारिक प्रश्न होता: आज रात्री नांगर कुठे टाकायचा? कोणती खाडी व्यापाराची झाली, कोणत्या टोकावर किल्ला उभा राहिला, कोणत्या आरमाराने कोणाला दमवले आणि कोणते आरमार एका दिवसात संपले, यातल्या बऱ्याच गोष्टींचे उत्तर या प्रश्नाच्या उत्तरात सापडते.

महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा आला आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, वाघोटण, कर्ली, तेरेखोल अशा नद्यांनी तो जागोजाग कापला आहे. नदीच्या मुखाशी बहुतेक ठिकाणी एका अंगाला खडकाचे भूशिर समुद्रात घुसलेले असते, तर दुसऱ्या अंगाला वाळूचा दांडा वाढत असतो. भूशिराच्या पोटात, लाटांपासून आडोशाला, शांत पाण्याचा तुकडा तयार होतो. अशा जागा एकमेकींपासून फार लांब नाहीत. समुद्रमार्गे मोजले तर बाणकोटपासून दाभोळ ४५ किलोमीटरच्या आसपास, दाभोळपासून जयगड ३०, तिथून रत्नागिरी ३५, रत्नागिरीपासून विजयदुर्ग ४५ ते ५०, विजयदुर्गापासून देवगड अवघे २० आणि देवगडपासून मालवण ३५. शिडाच्या गलबताला साधारण वाऱ्यात एका दिवसात गाठता येईल एवढेच हे टप्पे आहेत. घाटवाटेवर जशा धर्मशाळा, तशा या खाड्या जलमार्गावर होत्या.

दिवस-रात्रीचे हे गणित वाऱ्याने बांधलेले होते. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवतात, त्यांच्यावर कोकणचा सारा व्यापार चालत असे. दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि उत्तररात्रीपासून जमिनीकडून मतलई वाहू लागते. थंडीच्या दिवसांत मतलई चांगली जोरकस असते, उन्हाळ्याकडे ती मंदावते. मालवणाकडून मुंबईला जाणाऱ्या गलबताला वायव्येचा खारा वारा जवळजवळ समोरून लागे. म्हणून दुपारी तिरके चालत, शक्य तेवढे अंतर कापून संध्याकाळी खाडीत शिरायचे, नांगर टाकून जेवण आणि झोप उरकायची आणि मतलई सुटली की पहाटेच्या अंधारात नांगर उचलून तिच्यावर उत्तरेला निघायचे, हा शहाण्या तांडेलाचा रिवाज होता. खाडीतला मुक्काम म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे. पुढच्या वाऱ्याची वाट पाहण्याची ती जागा होती.

एकच खाडी बाराही महिने सारखी उपयोगाची नसते. नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्यात दक्षिणेला भूशिर असलेले बंदर आसरा देते. जयगड आणि विजयदुर्ग ही अशी बंदरे आहेत. वायव्येच्या वाऱ्यात उत्तरेला आड असलेली जागा बरी. देवगडचे बंदर तर जवळपास चहूबाजूंनी जमिनीने वेढलेले आहे. किल्ल्याच्या टोकाला लगटून असलेल्या अरुंद तोंडातून आत शिरले की पाणी संथ. मालवणचे उलटे आहे. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडकांची अशी पेरणी आहे की वाट ठाऊक असलेल्यालाच तिथे सुखाने जाता येते. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला, तेव्हा हे खडकच किल्ल्याची पहिली तटबंदी ठरले.

आत शिरल्यावरचे काम मोठ्या नजरेचे आणि धीराचे असे. नाळेवर उभा असलेला खलाशी शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडतो आणि किती वाव पाणी आहे ते ओरडून सांगतो. शिशाच्या तळाला खळगा असतो, त्यात चरबी भरलेली. दोरी वर ओढली की चरबीला तळाचा नमुना चिकटून येतो: वाळू, शिंपल्यांचा चुरा की काळा चिखल. काहीच चिकटले नाही आणि चरबीवर नुसता चेपल्याचा वळ उठला, तर खाली खडक आहे. घट्ट चिखल नांगराला सर्वांत चांगला धरतो. भुसभुशीत वाळूत नांगर घसरतो. खडकात तो अडकतो खरा, पण सकाळी सुटेलच याची खात्री नसते आणि रात्रभरात दोर घासून तुटण्याची भीती असते.

जागा ठरली की शीड उतरवायचे, गलबताचे तोंड वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे करायचे आणि ते थांबून मागे सरकू लागले की नांगर सोडायचा. नांगराची खरी ताकद त्याच्या वजनात कमी आणि दोराच्या लांबीत जास्त असते. पाण्याच्या खोलीच्या पाच-सात पट दोर सोडला, तर ओढ जवळजवळ आडवी पडते आणि नांगराचे दाते तळात रुततात. दोर आखूड ठेवला, तर प्रत्येक लाटेबरोबर नांगर वर उपटला जातो. म्हणून दोर सोडताना कंजुषी करायची नाही. पण शेजारी दुसरी गलबते असली, तर वळताना त्यांच्यावर आदळणार नाही एवढेही पाहायचे. खाडीत ही वळण्याची गोष्ट फार महत्त्वाची. भरतीला गलबताचे तोंड समुद्राकडे असते, ओहोटी लागली की ते जमिनीकडे फिरते. सहा-साडेसहा तासांनी होणाऱ्या या फेऱ्यात नांगर उलटा ओढला जाऊन सुटू शकतो, त्यामुळे अरुंद खाडीत पुढे एक आणि मागे एक असे दोन नांगर टाकत.

पाण्याच्या चढउताराचा हिशेब वेगळाच. मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाणी जवळपास ५ मीटर चढते-उतरते. दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरतीच्या वेळी नांगरलेले गलबत ओहोटीला चिखलात कलंडून पडू नये, म्हणून आत्ताची खोली नव्हे, तर सर्वांत कमी पाण्याची खोली मनात धरावी लागे. शेवटी किनाऱ्यावरच्या दोन खुणा हेरायच्या, जसे देवळाचा कळस आणि त्याच्या मागचा माड. त्या एका रेषेत दिसत राहिल्या, तर नांगर धरून आहे. रेषा मोडली, तर तो घसरतो आहे. राखणीला बसलेल्या खलाशाने रात्रभर एवढेच पाहायचे.

नांगर स्वतःही फार जुना आहे. सुरुवातीला एक भोक पाडलेला मोठा धोंडा पुरत असे. तो निव्वळ वजनावर काम करी. पुढे दगडाला खाली आणखी भोके पाडून त्यांत लाकडी दाते बसवू लागले. मध्ययुगात अरबी समुद्रात एक खास घडणीचा नांगर रूढ झाला: लांबट, चौकोनी, एका टोकाला निमुळता होत जाणारा दगडी खांब, वर दोरासाठी गोल भोक आणि खाली एकमेकांना काटकोनात पाडलेली दोन चौकोनी भोके. त्यांत आडवे दांडे घातले की खांब कसाही पडला तरी एखादा दांडा तळात रुतणारच. अभ्यासक या प्रकाराला इंडो-अरब नांगर म्हणतात. इराणच्या आखातापासून ओमान, गुजरातपर्यंत असे नांगर सापडले आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी द्वारका आणि बेट द्वारका परिसरात पाण्याखाली बुड्या मारून दगडी नांगर मोठ्या संख्येने नोंदवले. जिथे नांगरांचा खच आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या जहाजे मुक्कामाला थांबत होती, हे उघड आहे. इमारती पडतात, कागद कुजतात, पण दोर तुटून तळाशी राहिलेला दगड आपली जागा सोडत नाही.

नंतर लोखंड आले. पश्चिम किनाऱ्यावरच्या देशी गलबतांनी चार दात्यांचा लोखंडी नांगर आपलासा केला आणि आजच्या मासेमारी होड्यांवरही तो दिसतो. दोर मात्र दीर्घकाळ काथ्याचाच राहिला. नारळाच्या सोडणापासून वळलेला हा दोर खाऱ्या पाण्यात टिकतो, लाटेच्या धक्क्याला ताणला जातो आणि पुन्हा आखडतो. गोड्या पाण्यात मात्र तो लवकर कुजतो. शेतमाल म्हणून आपण नारळ पाहतो, पण गलबतांच्या काळात माडाची वाडी म्हणजे नांगराच्या दोराचा कारखानाही होता.

पश्चिम किनाऱ्यावर नांगर टाकण्याच्या जागांविषयीची फार जुनी लेखी माहिती इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक पुस्तकात मिळते. इजिप्तकडून भारतात व्यापाराला येणाऱ्यांसाठी ते लिहिले गेले. कच्छच्या आखाताबद्दल लेखक बजावतो की तिथला तळ खडकाळ आणि धारदार आहे, नांगराचे दोर घासले जातात आणि तुटतात. भडोचला नर्मदेच्या मुखात शिरणे इतके अवघड होते की तिथल्या राजाच्या नोकरीतले मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत आणत. भरती लागली की जहाजे ओढत पुढे न्यायची आणि ओहोटी लागली की ठरलेल्या खोल जागी नांगर टाकून थांबवायची, अशा टप्प्याटप्प्याने ती शहरापर्यंत पोहोचत. अमावास्येच्या रात्रीची भरती तिथे दूरच्या सैन्याच्या आरोळीसारखा आवाज करत येते, हेही त्याने नोंदवले आहे.

याच पुस्तकात दक्षिणेकडच्या बंदरांची यादी येते. सोपारा, कल्याण, चौल ही त्यांतली ओळखीची नावे. कल्याणबद्दल एक बोलकी नोंद आहे: तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहारा लावून भडोचला नेली जात. म्हणजे वादळाने वा वाऱ्याने दुसऱ्याच्या खाडीत ढकलले गेलेले जहाज तिथल्या सत्तेच्या तावडीत सापडे. तेराव्या शतकात मार्को पोलोने केरळातल्या एली, म्हणजे एळिमला, प्रदेशाबद्दल असेच लिहिले आहे. तिथे मुद्दाम आलेल्या जहाजाचे स्वागत होई. दुसरीकडे जायला निघून नाइलाजाने आत शिरलेले जहाज मात्र लुटले जाई, कारण देवानेच ते आमच्याकडे धाडले असे तिथले लोक म्हणत. आंध्रातल्या मोटुपल्लीच्या बंदरात काकतीय राजा गणपतिदेवाने १२४४ साली शिलालेख कोरून ही चाल बंद केली. वादळात सापडून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा माल पूर्वीचे राजे हिसकावत, आम्ही ठरलेल्या जकातीपलीकडे काही घेणार नाही, असे अभय त्याने व्यापाऱ्यांना दिले. एकाकी खाडी रात्री सुखाची वाटावी, यासाठी भूशिराइतकीच भल्या राजवटीचीही गरज असे.

मराठ्यांच्या आरमाराने या खाड्यांना युद्धशास्त्रात आणले. शिवाजी महाराजांच्या गुराबा, गलबते, शिबाडे, पाल ही जहाजे युरोपियनांच्या जहाजांपेक्षा लहान होती. खुल्या समुद्रात तोफांच्या माऱ्यापुढे ती टिकणे कठीण होते. पण उथळ खाडीत शिरणे, तिथे नांगरून राहणे आणि संधी साधून बाहेर पडणे यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर हे लख्ख दिसले. मुंबईच्या तोंडावरच्या या बेटावर शिवाजी महाराजांच्या आरमाराचे अधिकारी मायनाक भंडारी यांनी किल्ल्याचे काम सुरू केले आणि मुंबईकर इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी करायला जहाजे पाठवली. या मोठ्या जहाजांना हलायला वारा लागे. रात्री वारा पडला की ती नांगरावर अडकून पडत आणि मराठ्यांच्या वल्ह्यांच्या छोट्या होड्या अंधारात, त्यांना चुकवून, किनाऱ्यावरून बेटावर माणसे, दगड, चुना आणि धान्य पोहोचवत.

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान आपले आरमार घेऊन इंग्रजांवर चालून गेला. इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांनी पकडले. त्यांच्या ‘रिव्हेंज’ या जहाजाने मात्र जोरदार प्रतिकार केला. पाठलाग झाला तेव्हा मराठ्यांची जहाजे नागावच्या खाडीकडे, उथळ पाण्यात गेली आणि खोल बुडाच्या इंग्रजी जहाजांना बाहेरच थांबावे लागले. रात्रीची रसद पुढेही चालूच राहिली. शेवटी जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तडजोड केली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

आरमाराच्या मुक्कामाविषयी मराठीतला सर्वांत स्पष्ट विचार ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी राज्यकारभाराचे नियम त्यात घालून दिले. आरमारावरच्या प्रकरणात लढाईच्या डावपेचांइतकेच लक्ष पावसाळी छावणीकडे दिले आहे. छावणीची जागा दरवर्षी बदलावी, जमिनीवरून शत्रूचा उपद्रव पोहोचणार नाही अशी ती पाहावी, आणि त्यातही सगळे आरमार एकाच जागी न ठेवता वेगवेगळ्या ठिकाणी विभागून ठेवावे. रात्री जमिनीवरून आणि पाण्यातून अशी दोन्हीकडची गस्त असावी. अमात्य समुद्रावर वाढलेले नव्हते, पण नांगरलेले आरमार हे आरमाराचे सर्वांत दुबळे रूप असते, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

पुढे मराठा आरमाराचे प्रमुख झालेले कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या मुलांनी खाडीचा वापर शिगेला नेला. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ओर्मने आंग्र्यांच्या जहाजांचे बारकाईने वर्णन केले आहे. गुराबा साधारण १५० ते ३०० टनांच्या, पाणी थोडे लागणाऱ्या. गलबते क्वचितच ७० टनांच्या वर, ४० ते ५० वल्ह्यांची, ताशी चार मैल वल्हवता येणारी. ही जहाजे खाडीच्या आत टेहळणी करत नांगरून राहत. बाहेर व्यापारी जहाज दिसले, आणि विशेषतः वारा पडून ते खोळंबले, की दोर सोडून बाहेर पडत. वारा नसेल तर गलबते वल्हवत गुराबांना ओढून नेत आणि शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा कमी, तिथे जाऊन भिडत. काम झाले की पुन्हा खाडी. १७२९ मध्ये कान्होजी वारले तोवर युरोपियन सत्तांना त्यांचे आरमार मोडता आले नव्हते, याचे एक मोठे कारण हे की त्यांच्या मागे खाडीत शिरायची कोणाची छाती होत नसे.

मग १७५६ उजाडले. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांच्यात वितुष्ट आले होते आणि पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारीत इंग्रजांचे ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. वाघोटणच्या खाडीत, किल्ल्याच्या आडोशाला, तुळाजींचे आरमार एकत्र आणि एकमेकांना बांधून उभे होते. १२ फेब्रुवारीला मारा सुरू झाला. एक तोफगोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज मूळचे इंग्रज कंपनीचे. १७४९ मध्ये आंग्र्यांनी जिंकलेले. त्याने पेट घेतला, आग शेजारच्या जहाजांवर गेली आणि बांधलेली जहाजे वेळीच सुटी करता आली नाहीत. पन्नासेक वर्षांत जमवलेले आरमार एका संध्याकाळी जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

अमात्यांनी चाळीस वर्षे आधी दिलेली ताकीद नेमकी हीच होती. विजयदुर्गाचे बंदर वाऱ्यापासून, लाटांपासून, अगदी नैर्ऋत्येच्या पावसाळ्यापासून आसरा देणारे. पण सगळे आरमार एका आसऱ्याला आणि एका दोराला बांधले की आसऱ्याचाच सापळा होतो. या आरमाराच्या नाशाचे दुःख मराठी मनाला आजही आहे आणि ते रास्त आहे. कारण पुढच्याच वर्षी प्लासीची लढाई झाली आणि तेव्हा मराठी राज्याच्या पश्चिमेला इंग्रजांना अडवील असे दुसरे तेवढे आरमार उरले नव्हते.

विजयदुर्ग पुढे पेशव्यांकडे आला आणि आनंदराव धुळपांनी तिथून पेशव्यांचे आरमार सांभाळले. एप्रिल १७८३ मध्ये त्यांनी ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज जिंकले. वाघोटण खाडीत आत, गिर्ये गावाजवळ, खडक फोडून केलेली जहाजांची गोदी आजही पाहायला मिळते. लांबी सुमारे ३५५ फूट, रुंदी सुमारे २२७ फूट. भरतीला गुराब आत घ्यायची, ओहोटीला पाणी उतरले की तिचे बूड उघडे पडे आणि डागडुजी करता येई. पावसाळ्यात जहाजे ठेवायलाही ती उपयोगाची. गाळाने ती बरीच भरली असली, तरी जागेची निवड पाहताना मन थक्क होते: मुखापासून पुरेशी आत, वाऱ्यापासून आडोशाला, समुद्रावरून दिसणार नाही अशी.

१८१८ नंतर लढाया थांबल्या, पण खाड्यांची वर्दळ वाढली. ईस्ट इंडिया कंपनीचा जलनकाशातज्ज्ञ जेम्स हॉर्सबर्ग याची ‘इंडिया डिरेक्टरी’ १८०९ पासून छापली जात होती आणि किनाऱ्यावरच्या वाऱ्यांची, खडकांची व नांगरणीच्या जागांची माहिती तीत जहाजांच्या कप्तानांना मिळे. देशी तांडेलांना तिची गरज नव्हती. त्यांची डिरेक्टरी डोक्यात होती. मचवे, पडाव आणि फत्तेमाऱ्या तांदूळ, मीठ, सुपारी, नारळ, काथ्या, लाकूड आणि मंगळुरी कौले वाहून नेत. चैत्र-वैशाखात रत्नागिरीचा आंबा मुंबईच्या धक्क्यावर याच मार्गाने पोहोचे. आंब्याला मुक्काम परवडत नाही, म्हणून त्या दिवसांत तांडेल मतलईची एक घटकाही वाया जाऊ देत नसत. पावसाळा लागला की गलबते खाडीत आत ओढून, शाकारून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा दर्यावर निघायचे, हा क्रम चुकत नसे.

आसऱ्याविषयीची कृतज्ञता देवळांतही दिसते. देवगडजवळच्या कुणकेश्वराची आख्यायिका कोकणात सर्वश्रुत आहे. वादळात सापडलेल्या एका मुसलमान व्यापाऱ्याला अंधारात किनाऱ्यावर दिवा दिसला, त्याने नवस बोलला, जहाज वाचले आणि त्याने देऊळ बांधले. इतिहास म्हणून ती सिद्ध करता येणार नाही. पण समुद्रावरच्या माणसाला रात्री किनाऱ्यावरचा एक दिवा किती मोलाचा वाटत असेल, ते या गोष्टीइतके कोणत्याही कागदाने सांगितलेले नाही.

शिडांचा काळ हळूहळू मागे पडला. एकोणिसाव्या शतकात किनाऱ्यावर आगबोटी सुरू झाल्या. त्यांना मतलईची वाट पाहायची गरज नव्हती. बंदराबाहेर नांगर टाकायचा, पडावांतून उतारू चढवायचे-उतरवायचे आणि पुढच्या बंदराला निघायचे. विसाव्या शतकात होड्यांवर इंजिने आली, मग रस्ते आणि शेवटी कोकण रेल्वे. तिकडे डोंगर उघडे पडत गेले तशा खाड्या गाळाने भरू लागल्या. राजापूरला कधी काळी जहाजे शहराजवळ येत, इंग्रजांनी तिथे सतराव्या शतकात वखार घातली होती. पुढे तिथे मोठे गलबत पोहोचेनासे झाले. जयगडला मात्र २००९ पासून मोठ्या जहाजांचे खासगी बंदर चालू आहे. खोल, आडोशाचे पाणी मोठ्या जहाजांनाही हवेच असते.

पण आसऱ्याची गरज इंजिनाने संपवलेली नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आले, तेव्हा मुंबईच्या पश्चिमेला तेलक्षेत्रात उभा असलेला पी-३०५ हा माणसांचा राहण्याचा तराफा नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. २६१ माणसांपैकी सत्तरच्या आसपास दगावली. आधुनिक साखळदंड, आधुनिक नांगर, हवामान खात्याचे इशारे, सगळे असूनही उघड्या समुद्रात नांगरून वादळाला तोंड देणे म्हणजे काय, ते त्या रात्री दिसले. त्याच्या उलट उदाहरण डिसेंबर २०१७ चे. ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ मासेमारी बोटी भरकटत उत्तरेला आल्या आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर, देवगडच्या बंदरात, आसऱ्याला लागल्या. त्यांच्यावर ९५२ माणसे होती आणि ती वाचली. गलबतांच्या तांडेलांनी जी जागा शेकडो वर्षांपूर्वी ओळखली होती, तीच कामी आली.

म्हणून बंदर विकासाचे आराखडे आखताना एक गोष्ट विसरता कामा नये. धक्के, जेट्ट्या, पर्यटन, कोळशाची आणि वायूची टर्मिनले यांना जागा देताना प्रत्येक मोठ्या खाडीत लहान होड्यांसाठी नांगरणीचे पाणी राखीव ठेवा, नकाशावर ते खुणेने दाखवा आणि त्यातला गाळ वेळच्या वेळी काढा. देवगड, विजयदुर्ग, जयगड, दाभोळ, बाणकोट या जागा इतिहासाच्या पुस्तकात जपायच्या तर आहेतच. पण पुढच्या वादळात कोणत्या तरी अनोळखी होडीला त्यांत शिरायचे आहे, हे ध्यानात ठेवून त्या आजच मोकळ्या ठेवायला हव्यात.